‘असो’ म्हणजे सीया

बोलोन्या, रविवार रात्र

प्रिय सखे,

तू मजेत असशील, आणि काकूंचा गुडघा आता बराच सुधारला असावा, ऑपरेशनला दीड महिना होत आला ना. तुझा नऊ मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी काल दोनदा ऐकला, एकदा भांडी घासताना आणि एकदा नीट बसून, आणि तेव्हाच ठरवलं की ह्याला उत्तर मेसेजवर नाही द्यायचं, लिहायचं. तू म्हणतेस इटालियनच्या क्लासमधे कोंजुन्तीवो प्रेझेन्ते, म्हणजे शंका, इच्छा वगैरे सांगताना लागणारं क्रियापदाचं ते वेगळं रूप, सुरू झालं आणि तिथून सगळं बिनसलं, बाईंनी तीन तक्ते दिले, वर कुठल्या कुठल्या शब्दांनंतर ते लावायचं त्याची दोन पानी यादी दिली, आणि शेजारी बसणारा मुलगा म्हणाला की एवढं डोकं कशाला लावतेस, ‘सेकोन्दो मे’ म्हणायचं, म्हणजे ‘माझ्या मते’, आणि पुढे साधं क्रियापद टाकायचं, कोणी काही म्हणत नाही. आणि मग तू अगदी दमलेल्या आवाजात विचारलंस की बी वन ह्या मधल्या पातळीच्या परीक्षेपुरतं एवढं बास ना गं?

परीक्षेपुरतं बास होईलही. पण हा धडा सोडू नकोस, मी हात जोडून सांगतेय. इथे तीन वर्षं राहिल्यावर मला इटालियनमधलं सगळ्यात जवळचं काय वाटत असेल तर हेच, आणि का ते सांगायला मला आधी मागच्या नोव्हेंबरची ती रात्र सांगायला लागेल, जी तुला फोनवर अर्धवटच सांगितली होती.

रात्री अकराला ह्याच्या छातीत दुखायला लागलं, डावा हात जड झाला, घाम सुटला. टॅक्सी करून प्रोन्तो सोक्कोर्सोला गेलो, म्हणजे आपलं कॅज्युअल्टी. दारातल्या नर्सने दोन प्रश्न विचारून नारिंगी कोड, म्हणजे तातडीचा, दिला आणि लगेच आत घेतलं. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, आपल्याहून लहानच असेल. ती ह्याला सांगत होती आणि मी कानात मराठी करत होते, कारण ह्याचं ऑफिस पूर्ण इंग्रजीत चालतं, ह्याचं इटालियन कॉफी मागण्यापलीकडे गेलेलंच नाही. सी झ्द्राई, आडवे व्हा. रेस्पीरी, श्वास घ्या. त्रात्तेन्गा इल रेस्पीरो, श्वास धरून ठेवा. स्तीया फेर्मो, हलू नका. हे सगळं कोंजुन्तीवो आहे बरं का, तुझ्या त्या तक्त्यातलंच, त्यावर नंतर येते. मग ईसीजी काढला, रक्त घेतलं, आणि मी तिला बाजूला घेऊन विचारलं की हार्टचं काही आहे का. ती म्हणाली, ‘नोन क्रेदो के सीया इल क्वोरे.’

हार्टचं असेल असं मला वाटत नाही.

ह्याने फक्त ‘नोन’ ऐकलं, नाही म्हणाली ना, मग झालं, असं म्हणून तो शर्टाची बटणं लावायला लागला. मी मात्र ‘सीया’ ऐकलं होतं. ती ‘ए’ म्हणाली नव्हती. ‘ए’ म्हणजे ‘आहे’, सरळ, ठाम. ‘सीया’ हे त्याच क्रियापदाचं कोंजुन्तीवो. ती मला तिच्या मनात काय आहे तेवढंच प्रामाणिकपणे सांगत होती, रिपोर्ट अजून तिच्या हातात नव्हता. मी ह्याला म्हटलं थांब, बटणं लावू नकोस, तिला अजून माहीत नाहीये. आणि तीन तास आम्ही त्या कॉरिडॉरमधे बसलो, दुसऱ्यांदा रक्त घेतलं, समोर एक आजोबा झोपेत कोणालातरी हाका मारत होते, मशीनमधली कॉफी प्यायलो, आणि मी त्या एका शब्दाला धरून बसले होते. पहाटे तीनच्या सुमाराला ती परत आली, कागद हातात होता, आणि दारातूनच म्हणाली, ‘नोन ए इल क्वोरे.’

ए. तेवढंच. मी तिथेच रडायला लागले, ह्याला कळेना की आता का रडतेय, आत्ता तर चांगलं सांगितलं.

बघ, त्या मुलाचा ‘सेकोन्दो मे’ तिथे चालला असता का? व्याकरणात चालतो, चूक नाही, ‘सेकोन्दो मे’ नंतर साधंच क्रियापद येतं. पण मग तीन तासांनी ती जे बोलली त्यातला आणि आधीच्यातला फरक मला ऐकूच आला नसता, दोन्हीकडे ‘ए’च आलं असतं. बोलताना आपण पळवाट काढू गं, ऐकताना काय करणार? समोरचा तर सीया म्हणणारच आहे.

आता तुझ्या यादीबद्दल. बाईंनी सांगितलं असेल की शंका, इच्छा, भीती, शक्यता असेल तिथे कोंजुन्तीवो लावायचं. बरोबर आहे, पण तेवढंच धरलंस तर अडकशील, मी वर्षभर अडकले होते. कारण ‘सोनो कोन्तेन्ता के तू सीया क्वी’, म्हणजे तू इथे आहेस ह्याचा मला आनंद आहे, ह्यात शंका कुठेय? तू समोर बसलीयेस! ‘बेंके पियोवा’, पाऊस पडतोय तरीही, ह्यात तरी कुठेय, पाऊस खिडकीतून दिसतोय की. तरी दोन्हीकडे कोंजुन्तीवोच. मला ज्याने उलगडलं ते असं, की साधं क्रियापद म्हणजे बातमी, आणि कोंजुन्तीवो म्हणजे बातमी द्यायची नाहीये. तू इथे आहेस ही बातमी मी तुला देत नाहीये, तुला ती माहीतच आहे, मी माझा आनंद सांगतेय. पाऊस पडतोय ही बातमी नाहीये, तरी मी बाहेर चाललेय ही बातमी आहे. ‘व्होल्यो के तू वेन्गा’, तू यावंस अशी माझी इच्छा आहे, इथे तुझं येणं घडलेलंच नाही तर बातमी कसली द्यायची. म्हणून ‘सो के’, म्हणजे मला माहीत आहे की, ह्याच्यानंतर साधं क्रियापद, कारण तिथे मी खरंच बातमी देतेय. आणि म्हणून ‘प्रीमा के’, आधी, ह्याच्यानंतर कोंजुन्तीवो पण ‘दोपो के’, नंतर, ह्याच्यापुढे साधं, आधीचं अजून झालेलं नसतं आणि नंतरचं होऊन गेलेलं असतं. ह्या एका प्रश्नाने, की मी इथे बातमी देतेय का, दोन पानी यादीतलं बरंचसं आपोआप बसतं, जे उरतं ते सवयीने येतं.

आणि हे सगळं आपल्याकडे आहे गं! हेच तर मला तुला ओरडून सांगायचंय. आठवीत बाई घोकून घ्यायच्या ते आठव, क्रियापदाचे अर्थ चार, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. आपण तेव्हा मार्कांसाठी पाठ केलं. आता इटालियनशेजारी ठेवून बघ, इन्दिकातीवो म्हणजे स्वार्थ, इम्पेरातीवो म्हणजे आज्ञार्थ, कोन्दित्सिओनाले हा साधारण संकेतार्थ, आणि कोंजुन्तीवो हा बऱ्याच अंशी आपला विध्यर्थ. ‘तो घरी असावा’ म्हणतो ना आपण, नक्की माहीत नसताना? क्रेदो के सीया आ काझा. ‘तू जावंस असं मला वाटतं’, व्होल्यो के तू वादा. ह्याच पत्राची पहिली ओळ बघ, तू मजेत असशील, गुडघा सुधारला असावा. इटालियन माणूस पत्राची सुरुवात अशीच करतो, ‘स्पेरो के तू स्तीया बेने’. आपण ‘असशील’ म्हणून भविष्यकाळात नेतो, ते ‘स्तीया’ म्हणतात, पण दोघंही समोरच्याच्या तब्येतीची बातमी देत नाहीयेत.

इच्छा आणि आशीर्वाद तर बघच. देव तुझं भलं करो. के दियो ती बेनेदीका. ‘करो’तला तो ओ आणि ‘बेनेदीका’मधला शेवटचा आ, दोन्ही एकच काम करतात. गोव्यात कोणी आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतं तेही ह्याच घरातलं. पसायदान तर आपण शाळेत रोज म्हटलंय, त्यातली क्रियापदं नुसती आठव, तोषावें, द्यावें, सांडो, वाढो, पडो, जावो, पाहो, लाहो. बातमी एकही नाही, सगळं मागणं. मी हे माझ्या क्लासमधे इथल्या बाईंना सांगितलं, अर्थ सांगितला आणि क्रियापदं म्हणून दाखवली, तर त्यांनी ती फळ्यावर लिहून घेतली. आमच्या त्या सरकारी प्रौढ शाळेत मोरोक्कोची, युक्रेनची, बांगलादेशची माणसं असतात, प्रत्येकाला त्यांनी विचारलं की तुमच्या भाषेत आशीर्वाद कसा देतात, आणि तो पूर्ण तास त्यातच गेला. इतका सुंदर तास मी दुसरा अनुभवला नाही.

आणि ‘असो’. पत्रात एक विषय संपवून दुसऱ्यावर जाताना आपण असो म्हणतो, म्हणजे जे आहे ते असू दे. इटालियनमधे त्याच जागी ‘कोमुन्क्वे सीया’. प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणायच्या जागी इथली म्हातारी माणसं ‘कोझी सीया’ म्हणतात, ते आपलं तथास्तु. मला एके दिवशी बसमधे उभ्या उभ्या हे लक्षात आलं, की असो म्हणजेच सीया, आणि मी माझा स्टॉप चुकवला.

असो.

आता ते डॉक्टरचं, त्रात्तेन्गा आणि स्तीया. तुमच्या क्लासमधे ‘लेई’ शिकवलं असेल, अनोळखी किंवा मोठ्या माणसाला आदराने बोलायचं. त्या लेईला काही करायला सांगायचं झालं की इटालियनमधे कोंजुन्तीवो वापरतात. तू हे आपल्या लग्नपत्रिकेच्या मराठीत ऐक म्हणजे लगेच बसेल, आपण उपस्थित राहावे, आपण आत यावं, बसावं. सी आक्कोमोदी म्हणजे ते ‘बसावं’. त्यामुळे तुला वाटतंय की कोंजुन्तीवो पुढच्या लेव्हलचं आहे पण खरं तर तू ते पहिल्या दिवसापासून बोलतेयस, ‘स्कूझी’ म्हटलंस ना, माफ करा, ते स्कूझारेचं कोंजुन्तीवो. भाजीवाला ‘दीका’ म्हणतो, बोला. रस्ता विचारायला ‘सेन्ता’, ऐका हो. रस्ता सांगणारा म्हणतो ‘वादा द्रीत्तो’, सरळ जा. आणि इथे एका स्वराने माणूस बदलतो, स्कूझा म्हटलं की अरे-तुरे आणि स्कूझी म्हटलं की अहो-जाहो, पण सेन्तीरेमधे बरोबर उलटं, सेन्ती म्हणजे ऐक आणि सेन्ता म्हणजे ऐका. पहिल्या हिवाळ्यात मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या आज्जींना, ऐंशीच्या पुढच्या आहेत, ‘स्कूझा’ म्हणत होते, रोज, जिन्यात. त्या काही बोलल्या नाहीत. मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी खाली जाऊन माफी मागितली, आता मात्र स्कूझी म्हणून, तर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की आता तू मला तू म्हण. पण मला नाही म्हणवत, आपल्याला आजीला तू म्हणायला काही वाटत नाही खरं तर, पण इथे जीभ वळत नाही, मी अजून लेईच म्हणते.

रूपं पाठ करायचं म्हणशील तर तीन तक्ते बाजूला ठेव. ‘मी’चं साधं रूप घे आणि शेवटचा ओ काढ. वेन्गो, येतो, त्याचं वेन्गा. दीको, दीका. फाच्चो, फाच्चा. एस्को, एस्का. पोस्सो, पोस्सा. अनियमित म्हणून घाबरवतात ती निम्मी अशीच सुटतात. नियम एवढाच की नियमित आरेवाली क्रियापदं, म्हणजे ज्यांचं मूळ रूप आरेने संपतं ती, इ घेतात, पार्लारेचं पार्ली, आणि एरे-इरेवाली आ घेतात, स्क्रीवा, दोर्मा, म्हणजे साध्या रूपांच्या साधारण उलटं. मी, तू, तो तिघांना एकच रूप असतं, म्हणून इथे सर्वनाम गाळू नकोस, नाहीतर कोण येणारे ते कळत नाही. आम्हीचं रूप साध्यासारखंच दिसतं, तुम्हीला इयाते, आणि ते-ला तिघांच्या रूपापुढे नो, वेन्गानो, पार्लिनो. खरी पाठ करायची पाचच, सीया, आब्बिया, साप्पिया, दीया, स्तीया. ‘देब्बा’ हे दोवेरेचं, ते ऐकून ऐकून येतं.

मी हे पाठ कसं केलं माहितीये? इथे शहरातून सान लूकाच्या टेकडीवर एक पोर्तिको जातो, छत असलेला कमानींचा रस्ता, चारेक किलोमीटर, 666 कमानी आहेत त्याला, वर मारियामातेचं मंदिर. पाऊस असला तरी भिजायला होत नाही. मी दर शनिवारी चढायचे आणि एका कमानीला एक रूप म्हणायचे, सीया, सियामो, सियाते, सियानो, चार कमानींत एक क्रियापद, आपण दोनाचा पाढा म्हणत शाळेत जायचो तसंच. शेवटच्या चढावर दम लागतो तेव्हा मी सोपी क्रियापदं राखून ठेवायचे. तिसऱ्या महिन्यात एकदा लक्षात आलं की मी फोनवर कोणाला तरी ‘बिझोन्या के वादा’ म्हणाले, मला जायला हवं, आणि मधे थांबलेच नव्हते.

आता आपली फसगत कुठे होते तेही सांगते, कारण मराठी सगळीकडे मदत करत नाही. आपण ‘मला वाटतं तो आजारी आहे’ म्हणतो, वाटतं म्हणूनही पुढे ‘आहे’ लावतो, त्यामुळे ‘पेन्सो के ए मालातो’ पटकन तोंडात येतं. तिथे सीया. ‘तरीही’ला आणि ‘आनंद झाला’लाही आपण साधंच क्रियापद वापरतो, ती दोन्ही वेगळी लक्षात ठेव. उलट एका ठिकाणी मराठी फार छान हात देते. करणारा आणि वाटणारा एकच असेल तर इटालियन ‘के’ लावतच नाही, पेन्सो दी पार्तीरे, मी निघायचा विचार करतेय. माणसं दोन असली की के आणि कोंजुन्तीवो, व्होल्यो के तू पार्ता. आपलंही तसंच ना, ‘मला जायचंय’ पण ‘तू जावंस असं मला वाटतं’. आपण कधी ‘मी जावं असं मला वाटतं’ म्हणतो का सहज? नाही म्हणत.

घर शोधतानाचं एक सांगायचं राहिलं. एजंटला मी म्हणाले होते, बाल्कनी आहे असं घर हवंय, आणि ‘के आ’ म्हणाले, आहे. तो विचारायला लागला कुठलं घर, पत्ता सांगा, कुठे पाहिलंत? त्याला वाटलं मी एखादं ठरावीक घर बघून आलेय. ‘के आब्बिया’ म्हणायला हवं होतं, म्हणजे बाल्कनी असेल असं कुठलंही. शेवटी मिळालं ते घर बिनबाल्कनीचंच, पण खिडकीतून अंगणातलं अंजिराचं झाड दिसतं.

तू म्हणालीस की इटालियन लोक स्वतःच आता वापरत नाहीत असं वाचलंस. थोडं खरं आहे, बोलताना ‘क्रेदो के ए’ कानावर पडतं, बाजारात, बसमधे. पण एखाद्या पुढाऱ्याचं कोंजुन्तीवो चुकलं की दुसऱ्या दिवशी सगळीकडे तीच चर्चा असते, म्हणजे लोकांना ऐकू येतंच. मी खालच्या आज्जींना विचारलं, तर त्या म्हणाल्या की त्यांची आई चौथीपर्यंतच शिकलेली, शेतावर कामाला जायची, पण कोंजुन्तीवो कधी चुकायची नाही, कारण तिला जे माहीत नाही ते माहीत आहे असं बोलायची तिला लाज वाटायची. मला हे इतकं पटलं. आपल्याकडे पण अशी माणसं होती ना, आजी तुझी, ‘आला असेल बाई, मी पाहिलं नाही’ म्हणायची, स्वतः पाहिल्याशिवाय ‘आला’ म्हणायची नाही.

भूतकाळातलं, फोस्से वगैरे, पुढे येईल तेव्हा बघू, आत्ता त्याच्या वाटेला जाऊच नकोस.

ह्या आठवड्यात एवढंच कर. मला रोज एक ओळ पाठव, एक दिवस ‘स्पेरो के’ने, एक दिवस ‘व्होल्यो के’ने, एक दिवस ‘ओ पाऊरा के’ने, मला भीती वाटते की. वाक्यं खरी लिही, पुस्तकातली नकोत. तुझ्या मेसेजमधे शेवटी तू काकूंबद्दल काहीतरी बोलायला लागलीस आणि मग ‘जाऊ दे’ म्हणालीस, मला ते ऐकू आलं. मराठीत बोलवत नसेल तर इटालियनमधे लिही, चुकलं तरी मला कळेल.

काकूंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, के ग्वारीस्का प्रेस्तो. लवकर बऱ्या होवोत. ग्वारीरे, इरेवालं, मधे इस्क घेणारं, फिनीरेसारखं.

तुझीच,
मी